थळचा किनारा आणि अभियंत्याचे 'इतर' विषय

१/
अलिबागच्या उत्तरेस थळच्या पुळणीवर उभे राहिले की समोर समुद्रात दोन बेटे दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. त्याच थळ-वायशेत परिसरात, नारळी-पोफळीच्या वाड्यांपलीकडे, एक प्रचंड खत कारखाना उभा आहे. खांदेरीचा किल्ला १६७९ चा आणि कारखाना १९८० च्या दशकातला. या दोन बांधकामांच्या दरम्यान महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे शालेय शिक्षण जन्मले, वाढले आणि सर्वदूर पसरले. अभियंत्याला यंत्र, पूल आणि धरण यांखेरीज आणखी काय यावे, हे या काळात कोणी ठरवले, त्याची ही हकिकत.

२/
आजच्या बी.टेक.च्या विद्यार्थ्याला पर्यावरणशास्त्र, भारतीय संविधान, व्यावसायिक नीतिमत्ता, अर्थशास्त्र, संभाषणकौशल्ये असे विषय असतात. परीक्षेच्या आदल्या रात्री उरकण्याचे विषय अशी त्यांची ख्याती आहे. पण त्यांतील बहुतेक विषय शिक्षकांच्या हौसेने आलेले नाहीत. एखादी दुर्घटना, एखादा खटला किंवा एखादे महायुद्ध त्यांच्यामागे आहे.

३/
आरंभ खांदेरीपासून. १६७९ च्या पावसाळ्याअखेर शिवाजी महाराजांनी हे ओसाड बेट बांधून काढण्याचे काम मायनाक भंडारी यांच्याकडे सोपवले. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला होणार, हे इंग्रजांना मानवणारे नव्हते. त्यांनी गलबते आणून बेटाची नाकेबंदी केली. पुढे सिद्दीही त्यांना मिळाला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराची आणि इंग्रजांची समुद्रात झुंज झाली. इंग्रजांचे 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले.

४/
या लढाईच्या वर्णनांत तोफांकडे लक्ष जाते आणि मुख्य गोष्ट नजरेआड होते. नाकेबंदी चालू असताना बांधकाम थांबले नाही. समोरच्या थळ-नागाव किनाऱ्यावरून लहान, उथळ तळाच्या होड्या रात्रीच्या अंधारात माणसे व सामान घेऊन बेटावर पोहोचत राहिल्या. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर अवलंबून होती. या होड्यांना वल्ही पुरत, आणि त्या चालवणाऱ्यांना भरती-ओहोटी, खडक आणि वारा तोंडपाठ होते. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी माघार घेतली. त्याच सुमारास सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावून तीवर तटबंदी उभारली. त्यानंतर थळचा किनारा दीर्घकाळ दोन शत्रुबेटांच्या तोफांसमोर जगला.

५/
खांदेरी बांधणाऱ्यांना कोणत्याही पाठशाळेचे प्रमाणपत्र नव्हते. दगडाचे, लाटांचे आणि माणसांचे ज्ञान एकाच माणसाच्या ठायी असे आणि ते घराण्यातून, जातीतून, कामावरून मिळे. ही व्यवस्था फार भली होती असे मानण्याचे कारण नाही. ज्याला त्या घरात जन्म नाही, त्याला ती विद्याही नाही. मात्र 'तांत्रिक' आणि 'इतर' अशी विषयांची फाळणी तिच्यात नव्हती. ती फाळणी वर्गखोलीबरोबर आली.

६/
ती वर्गखोली मुंबईत १८२३ मध्ये उघडली. पेशवाई संपून पाच वर्षे झाली होती. कंपनी सरकारला नव्या मुलखाची मोजणी करायची होती, रस्ते व इमारती बांधायच्या होत्या, आणि विलायतेहून आणलेला प्रत्येक मोजणीदार महाग पडत होता. म्हणून कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या सैनिकी अभियंत्याच्या देखरेखीखाली 'एंजिनियर इन्स्टिट्यूशन' सुरू झाली. शिक्षणाची भाषा होती मराठी आणि गुजराती. इंग्रजीचा आग्रह नव्हता.

७/
अडचण एकच होती. मराठीत पाश्चात्त्य गणिताची पुस्तकेच नव्हती. जर्व्हिसने जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांच्या साहाय्याने ती तयार केली. हे क्रमवंत म्हणजे १८२९ च्या 'महाराष्ट्र भाषेचा कोश' या शब्दकोशाच्या शास्त्रीमंडळातील प्रमुख. अभियांत्रिकीची पहिली मराठी क्रमिक पुस्तके घडवताना एक सैनिकी अभियंता आणि एक संस्कृत शास्त्री शेजारी बसले होते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी अशी आहे. भूमिती शिकवायची तर आधी भाषा घडवावी लागली.

८/
ती संस्था दहा वर्षांच्या आतच बंद पडली. जर्व्हिस मात्र आपल्या मताला चिकटून राहिला. १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात उच्च शिक्षण इंग्रजीत द्यावे की देशी भाषांत, यावर मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते. देशी भाषांच्या बाजूने जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह हाच जर्व्हिस, आता कर्नल झालेला, उभा होता. तो पक्ष हरला.

९/
१८५४ च्या जुलैत पुण्यात 'पूना एंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झाले. हेच पुढचे सीओईपी. उद्देश साधा होता : रेल्वे, कालवे, पूल, सरकारी इमारती या कामांवर दुय्यम अधिकारी हवे होते. रुडकीचे महाविद्यालय १८४७ मध्येच निघाले होते. गंगेच्या कालव्याला माणसे हवी होती म्हणून. दोन्ही ठिकाणी शिक्षणाचे प्रयोजन सरकारी खात्याची गरज हेच होते. इतिहास किंवा नीतिशास्त्र ओव्हरसियरला कशाला, हा प्रश्न विचारायचीही गरज कुणाला वाटली नसावी.

१०/
तरीही शिकवणारी माणसे खात्याच्या मोजमापात मावत नव्हती. त्यांतील एक याच किनाऱ्यावरचे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांचा जन्म अलिबागजवळच्या नागावचा. खांदेरीच्या लढाईच्या वेळी ज्या किनाऱ्यावरून मराठ्यांचे आरमार वावरत होते, तोच हा भाग. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले. वारा, तापमान, चुंबकत्व आणि आकाशस्थ गोल यांची रोजची नोंद घेणे हे तिथले काम.

११/
पुढे ते पुण्याला गेले आणि गणित व सृष्टिशास्त्र शिकवू लागले. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवले. १८६० मध्ये त्यांचा 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ निघाला. पाश्चात्त्य ज्योतिषातील आकडेवारी वापरून ग्रहांची स्थाने काढण्याची सोय त्याने मराठी वाचकाला करून दिली. पंचांग आकाशाशी जुळत नसेल तर पंचांग बदलावे, अशी त्यांची भूमिका होती आणि त्या काळी ती धाडसाची होती. डेक्कन कॉलेजात टिळकांनी गणित शिकले ते यांच्याकडे. १८८४ मध्ये केरूनाना वारले. त्रिकोणमिती घोकणाऱ्या ओव्हरसियरसमोर असा माणूस उभा असेल, तर 'सर्वसामान्य ज्ञान' नावाचा वेगळा तास कशाला हवा?

१२/
दुसरे उदाहरण प्राचार्य थिओडोर कुक यांचे. बीबीसीआय रेल्वेवर पूल बांधणारा हा अभियंता १८६५ मध्ये पुण्याच्या संस्थेचा प्रमुख झाला आणि १८९३ पर्यंत राहिला. त्याच्या आरंभीच्या काळात संस्था मुंबई विद्यापीठाशी जोडली गेली आणि एल.सी.ई. म्हणजे स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका देऊ लागली. कुक यांची कीर्ती मात्र आज पुलांमुळे नाही, तर झाडांमुळे आहे. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. सह्याद्री आणि कोकणातल्या वनस्पतींचा अभ्यास करणारे आजही तो उघडतात.

१३/
कुक यांच्याच कारकिर्दीत, १८७९ च्या सुमारास, संस्थेत शेती व वनविद्येचे वर्ग आले आणि तिचे नाव 'कॉलेज ऑफ सायन्स' झाले. एकाच छपराखाली कालवा खणणारा आणि त्या कालव्याच्या पाण्यावर काय पिकेल हे शिकणारा असे दोघे बसत. १९०७ च्या आसपास शेतकी महाविद्यालय वेगळे निघाले. १९११ मध्ये उरलेल्या संस्थेचे नाव 'कॉलेज ऑफ एंजिनियरिंग' झाले. विशेषीकरण काळाची गरज होती, हे खरे. पण विसाव्या शतकातल्या पाटबंधाऱ्यांच्या इतिहासात अभियंता आणि शेतकी अधिकारी एकमेकांशी अनोळखी दिसतात, त्याचा आरंभ इथे कुठेतरी शोधावा लागतो.

१४/
मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या याच महाविद्यालयाचे. हे सर्वांना ठाऊक असते. कमी सांगितले जाते ते असे की पुण्यात येण्यापूर्वी, १८८१ मध्ये, त्यांनी बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. केले होते. १८८३ मध्ये एल.सी.ई. उत्तीर्ण झाले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे, मुठा-नीरा कालव्यांवरील पाणीवाटपाची पाळीपद्धती, म्हैसूरची दिवाणगिरी, नियोजित अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ. यांतल्या उत्तरार्धाची तयारी कोणत्या पदवीने करून दिली, हे ज्याने त्याने ठरवावे.

१५/
आता थोडे महाराष्ट्राबाहेर. दुसऱ्या महायुद्धात अभियंते व शास्त्रज्ञ यांनी अणुबॉम्ब घडवला. त्यानंतर अमेरिकेतल्या एमआयटीने स्वतःच्याच शिक्षणाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. 'लुइस समिती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या समितीचा अहवाल १९४९ चा. मानव्यविद्या व समाजशास्त्रे यांना तांत्रिक विषयांच्या बरोबरीचे स्थान द्यावे, असे तिने सुचवले आणि पुढल्याच वर्षी त्यासाठी एमआयटीत स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली.

१६/
भारतात त्याच वेळी नलिनीरंजन सरकार समितीने उच्च तांत्रिक संस्थांची कल्पना मांडली होती आणि तिच्यासमोर एमआयटीचा नमुना होता. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानेही पदवीच्या विद्यार्थ्यांना 'सर्वसामान्य शिक्षण' द्यावे असा आग्रह धरला. खरगपूरची आयआयटी १९५१ ची, मुंबईची १९५८ ची. या संस्थांत मानव्यविद्येचा विभाग यंत्र आणि विद्युत विभागांच्या शेजारी असतो. अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य, समाजशास्त्र शिकवणारे पूर्णवेळ प्राध्यापक तिथे असतात. हे थोड्यांसाठीच होते, ही त्याची मर्यादा.

१७/
बाकीच्यांचे काय झाले? १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये उभी राहिली. कर्नाटकात जाऊन देणगी भरणारी मुले घरी राहिली. शेतकऱ्याच्या, गिरणी कामगाराच्या, शिक्षकाच्या घरात पहिला अभियंता तयार झाला. या निर्णयाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण कार्यशाळा, यंत्रे आणि इमारत यांचा खर्च भागवताना तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक कोण नेमणार? 'मानव्यविद्या' हा शब्द आक्रसत जाऊन 'कम्युनिकेशन स्किल्स'एवढा उरला. अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत कसे बसावे.

१८/
आणि नेमक्या याच वर्षांत थळला कारखाना उभा राहत होता. १९७४ मध्ये 'बॉम्बे हाय'ला तेल लागले, त्याच्यासोबत वायूही मिळाला. त्या वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया करायचा, हा बेत. १९७८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स, म्हणजे आरसीएफ, या सरकारी कंपनीकडे थळ-वायशेतचा प्रकल्प आला.

१९/
या प्रकल्पासंबंधीचे मोठे प्रश्न पाहावेत. मुंबईच्या इतक्या जवळ, अशा रमणीय किनाऱ्यावर एवढा मोठा रासायनिक कारखाना असावा का? मुंबईतल्या पर्यावरणवादी गटांनी यावर मोठा वाद मांडला. अमोनियाचे तंत्रज्ञान कोणाकडून घ्यावे? आधी अमेरिकेच्या सी. एफ. ब्राउन कंपनीची निवड झाली. १९८० मध्ये केंद्रात सत्ताबदल झाल्यावर ती फिरली आणि डेन्मार्कच्या हाल्डर टॉप्सो कंपनीचे तंत्र आले. जागतिक बँकेने आपले कर्ज मागे घेतले आणि प्रकरण संसदेत गाजले. जमीन गेलेल्यांना कारखान्यात नोकरी कधी मिळणार? ही मागणी तर पुढे वर्षानुवर्षे चालत राहिली.

२०/
स्थाननिश्चिती, आंतरराष्ट्रीय कर्ज, भूसंपादन, पुनर्वसन. यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ऊष्मागतिकीच्या पुस्तकात नाही. त्या काळी बी.ई. होऊन अशा प्रकल्पावर रुजू होणाऱ्या तरुणाला अमोनिया संश्लेषणाचा दाब किती हवा, हे नीट शिकवलेले असे. कारखान्याच्या फाटकाबाहेर बसलेल्या माणसाशी काय बोलावे, हे त्याला कोणी शिकवलेले नसे. दोष त्याचा नव्हता.

२१/
थळचा कारखाना उत्पादनाच्या उंबरठ्यावर असतानाच, २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री, भोपाळमध्ये विषारी वायू सुटला. हजारो माणसे मेली. वर्षभराने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतल्या एका खत व रसायन कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. त्या कारखान्याविरुद्ध आधीच सर्वोच्च न्यायालयात याचिका होती. याचिकाकर्ते वकील होते एम. सी. मेहता. धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर त्यातून होणाऱ्या हानीची संपूर्ण जबाबदारी राहते, हे तत्त्व या खटल्यातून १९८६ मध्ये आले. पर्यावरण संरक्षण कायदाही १९८६ चाच.

२२/
इथे कथा वर्गखोलीत परतते. त्याच मेहतांच्या आणखी एका याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला : शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करावा. अंमलबजावणी रेंगाळली. न्यायालयाला पुन्हा पुन्हा बजवावे लागले. अखेर २००३-०४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. त्याचे क्रमिक पुस्तक लिहिले पुण्याचे डॉ. इराक भरुचा यांनी. ते व्यवसायाने शल्यविशारद होते.

२३/
म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आज जो पर्यावरणाचा पेपर आहे, तो त्याच्याकडे एका वकिलाने, न्यायाधीशांनी आणि एका शल्यविशारदाने पोहोचवला. अभियांत्रिकीचे शिक्षण ठरवणारी यंत्रणा या सगळ्यात मागून चालत आली.

२४/
रायगड जिल्ह्यात या हकिकतीचे आणखी एक ठिकाण आहे. थळहून दक्षिणेला, मुंबई-गोवा महामार्गावर माणगाव तालुक्यातील लोणेरे. १९८९ मध्ये कायदा करून महाराष्ट्र शासनाने तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन केले. १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे महाड इथून जवळच आहे. पुढे राज्यभरातली अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये या विद्यापीठाला संलग्न झाली.

२५/
तंत्रशास्त्राच्या विद्यापीठाला अर्थशास्त्रज्ञ व कायदेपंडिताचे नाव का, असे कोणी विचारते. उत्तर १९४२ ते १९४६ या वर्षांत आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांकडे पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. दामोदर खोऱ्याच्या पूरनियंत्रणाची योजना त्यांच्या काळात आकाराला आली. अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाच्या अनुभवाचा तिच्यासाठी उपयोग केला गेला. १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग स्थापन झाला आणि अभियंते ए. एन. खोसला त्याचे अध्यक्ष झाले. आजच्या केंद्रीय जल आयोगाचे मूळ ते. नदी अनेक प्रांतांतून वाहते, तेव्हा तिच्यावर धरण बांधणे हा स्थापत्याइतकाच घटनात्मक अधिकाराचा प्रश्न आहे, हे बाबासाहेबांना अभियांत्रिकीची पदवी नसताना नेमके कळले होते.

२६/
अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या जानेवारीत नवा आदर्श अभ्यासक्रम काढला. पदवीचे एकूण श्रेयांक कमी करून १६० केले. प्रवेशानंतर तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम आला. मानव्यविद्या, समाजशास्त्रे आणि व्यवस्थापन मिळून १२ श्रेयांक ठेवले. आणि 'सक्तीचे' म्हणून पर्यावरणशास्त्र, भारतीय संविधान व भारतीय पारंपरिक ज्ञान हे विषय दाखल केले.

२७/
यापाठोपाठ २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. २०२१ मध्ये परिषदेने देशी भाषांतून बी.टेक. शिकवण्यास मान्यता दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा वर्ग मराठीतून सुरू झाला. जर्व्हिसच्या वर्गाला तेव्हा दोनशे वर्षे होत आली होती. अडचणही जुनीच निघाली : पुस्तके.

२८/
राहिले खांदेरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले, त्यांत ती आहे. ओहोटीच्या खडकांवर, शत्रूच्या तोफांसमोर, रात्रीच्या होड्यांवर चाललेले ते बांधकाम स्थापत्याच्या वर्गात शिकवण्यासारखे आहे, आणि ते शिकवताना भूगोल, राजकारण व कोळ्यांचे समुद्रज्ञान टाळता येणार नाही.

२९/
आणि २०१८ च्या त्या तक्त्यात एक बारीक तपशील आहे. विषयाच्या नावासमोर तासांचा रकाना असतो आणि शेवटी श्रेयांकांचा. भारतीय संविधान या विषयापुढे श्रेयांकांच्या रकान्यात शून्य आहे. विषय सक्तीचा आहे, उत्तीर्ण होणेही आवश्यक आहे. मात्र विद्यार्थ्याच्या अंतिम गुणांकात त्याची भर शून्य.